गाडी काय सांगतेय, ऐकताय ना?

आपल्या बायकांचे कान तसे फार तयार असतात. बाहेरच्या खोलीत पाहुण्यांशी बोलता बोलता आपण कुकरच्या शिट्ट्या बरोब्बर मोजतो. मिक्सरचा आवाज जरा बदलला की चटणीत पाणी कमी पडलंय हे न बघता कळतं. शिलाई मशीन कुरकुरायला लागली की हात आपोआप तेलाच्या कुपीकडे जातो. मग दारातली चारचाकी टिकटिक, खडखड करायला लागली की नेमके हेच कान आपण का बंद करून घेतो? ‘ते यांचं खातं,’ असं म्हणून मोकळ्या होतो!

आता तसं म्हणून भागत नाही. आमच्या नागपुरात आणि काटोल, उमरेड, सावनेर, वर्धा अशा आसपासच्या गावांत गाडी चालवणारी बाई काही नवलाची राहिलेली नाही. कुणी रोज शाळेत शिकवायला जाते, कुणी सासूबाईंना तपासणीसाठी नागपूरला आणते. मध्येच इंजिन वाजायला लागलं, तर थांबायचं की पुढे जायचं, हे तिलाच ठरवावं लागतं.

आणि हे काम बायकांना नवीन नाहीच मुळी. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतली बर्था बेन्झ दोन मुलांना घेऊन, नवऱ्यानं बनवलेल्या मोटारीतून शंभरेक किलोमीटरवरच्या माहेरी निघाली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तर तिनं ती टोपीच्या पिनेनं साफ केली आणि माहेर गाठलं!

मैत्रिणींनो, गाडी वाजली की घाबरण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारायचे. पहिला, आवाज इंजिन गार असताना येतो की गरम झाल्यावर? दुसरा, गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये जरा रेस केली, तर आवाज भरभर येतो का? येत असेल तर तो इंजिनचा. येत नसेल आणि गाडीच्या वेगाबरोबरच वाढत असेल, तर चाकाकडे बघायचं. टायरच्या खाचेत रुतलेला खडासुद्धा छान टिकटिक करतो! तिसरा प्रश्न, चढावर किंवा गाडी भरलेली असताना आवाज वाढतो का? आणि चौथा, एसी चालू-बंद केल्यावर तो बदलतो का? बदलत असेल, तर एसीचा कॉम्प्रेसर आणि त्याच्या पट्ट्याकडे संशय जातो.

आता टिकटिक घेऊ. इंजिनच्या वरच्या भागात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह सतत उघडझाप करत असतात. तिथे ऑइल नीट पोचलं नाही किंवा मधली फट वाढली, की शिलाई मशीनसारखी टिकटिक येते. आमच्याकडचे मिस्त्री म्हणतात, ‘टॅपेट वाजून राहिले.’ रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरलेलं असतं, म्हणून सकाळी सुरू करताना दोन-चार सेकंद टिकटिक झाली तर चिंता नको. ती टिकून राहिली, तर मात्र सगळ्यात आधी ऑइल बघायचं.

ते बघणं दुधाचं पातेलं बघण्याइतकं सोपं आहे. गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा. ऑइलची पट्टी ओढून फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. गरम झालं की ऑइल पातळ होतं, म्हणून ‘कुठलंही चालते’ हे ऐकायचं नाही. बॉनेट उघडताना पदर, ओढणी, वेणी आवरून घ्या. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

खडखड निराळी. डब्यात चमचे हलल्यासारखा पत्र्याचा आवाज ठरावीक वेगालाच येत असेल, तर बहुतेक वेळा सायलेन्सरजवळचा, उष्णता अडवणारा पत्रा सैल झालेला असतो. काम किरकोळ. सकाळी सुरू करताना साखळी खडखडल्यासारखी वाजली, तर टायमिंग चेन किंवा तिचा ताण सांभाळणारा भाग तपासून घ्या. हे मात्र पुढे ढकलू नका. आणि वरच्या गिअरमध्ये चढ चढताना डब्यात खडे हलवल्यासारखं वाजलं, तर लगेच गिअर खाली घ्या. पेट्रोलचा भडका नको त्या वेळी उडतो, त्याचा तो आवाज.

खरी भीती बाळगायची ती खोल ‘ठक-ठक’ची, ॲक्सिलरेटर दाबला की वाढणाऱ्या. ती आतल्या बेअरिंगची असू शकते. तेलाच्या कुपीच्या चित्राचा लाल दिवा चालू गाडीत लागला, तर आवाज असो वा नसो, बाजूला घेऊन इंजिन बंदच करायचं. ‘घर दोनच किलोमीटर आहे’ म्हणून दामटायचं नाही. तेवढ्यात इंजिन जाम होऊ शकतं.

माझंच सांगते. एका डिसेंबरात माझी गाडी सकाळी टिकटिक करायला लागली, पाच मिनिटांनी गप्प. एका गॅरेजमध्ये गेले, तर बॉनेटही न उघडता उत्तर मिळालं, ‘मॅडम, इंजिनचं काम निघालं. हेड खोलावं लागते. वीसेक हजार धरून चाला. साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.’ साहेबांना पाठवा! गाडी चालवते मी, हप्ता भरते मी!

मी गाडी परत आणली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, सिलिंडरच्या तारखेशेजारी आठ दिवस नोंद केली. ‘गार असताना टिकटिक. रेस केली की भरभर. गरम झाल्यावर बंद. ऑइल ठीक. एसीचा संबंध नाही.’ ही नोंद घेऊन दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, ‘ताई, थंडीत वाजून राहिलं अन् गरम झालं की बंद, म्हणजे आधी धुराची गळती पाहू. गाडी रातभर ठेवा इथंच.’ सकाळी गार इंजिन सुरू करून त्यांनी मला दाखवलं. इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या जोडावर काळी काजळी बसली होती. पॅकिंग फाटलेलं. धातू तापून फुगला की फट बुजायची, म्हणून आवाज बंद व्हायचा. पॅकिंग बदललं, बोल्ट आवळले, बिल दोन हजारांच्या आत.

पैसे वाचले ते वाचलेच. पण असा गळणारा धूर गाडीत शिरू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. थंडीत काचा बंद, मागे मुलं बसलेली. अशा वेळी ‘होईल आपोआप बरं’ म्हणणं किती महागात पडलं असतं!

म्हणून एवढंच सांगणं आहे. आवाज आला की मोबाइलवर रेकॉर्ड करा, कारण गॅरेजच्या दारात गेल्यावर गाडी हमखास शहाण्यासारखी वागते. तारीख आणि वेळ लिहा, चार प्रश्नांची उत्तरं लिहा. ‘गाडी कशीशीच वाजतेय हो,’ असं मोघम न सांगता ‘गार असताना, रेसबरोबर, डावीकडून’ असं नेमकं सांगा. मोठा खर्च सांगितला, तर कारण विचारा आणि बदललेला जुना भाग दाखवायला सांगा. दुरुस्ती मिस्त्रीच करणार, पण दुखणं नीट सांगणं आपल्या हातात आहे. तापलेल्या लेकराचं सगळं डॉक्टरांना आपणच तर सांगतो ना? मग उद्या सकाळी गाडी सुरू केली, की एक मिनिट रेडिओ बंद ठेवा आणि ऐका.