लेकुरवाळीला पुढची सीट देऊ नका

लग्नाला निघताना भाड्याची गाडी दारात येते. सात जणांच्या गाडीत दहा जण बसायचे असतात. मग कुणीतरी म्हणतं, "तिच्याकडे तान्हं बाळ आहे, तिला पुढं बसू द्या, मोकळं बसेल." ती बाळाला मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसते. तिची सोय झाली असं सगळ्यांना वाटतं. नर्सिंगचा डिप्लोमा घेतल्यावरसुद्धा आम्ही कितीदा असंच म्हटलं आहे.

त्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या आत, एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. आपल्याकडे 2019 पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरसमोर आणि 2021 पासून शेजारच्या सीटसमोरही ती सक्तीची झाली. गाडी जोरात आदळली की आतलं रसायन पेटतं, गॅस तयार होतो आणि पिशवी सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्यात फुगते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. मोठा माणूस बेल्ट लावून, पाठ टेकून बसला असेल, तर तो पुढं झुकेपर्यंत पिशवी फुगलेली असते आणि त्याला झेलते. मांडीवरचं लेकरू मात्र डॅशबोर्डपासून वीतभरच लांब असतं. फुगत असतानाच पिशवी त्याच्या तोंडावर, मानेवर आदळते. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची. शिवाय मागून आईचं वजन येतं ते वेगळंच.

2024 च्या डिसेंबरात नवी मुंबईत, वाशीला, सहा वर्षांचा एक मुलगा असाच गेला. वडिलांबरोबर पाणीपुरी खायला निघाला होता आणि पुढच्या सीटवर बसला होता. अपघातात एअरबॅग उघडली. गाडीतल्या बाकीच्यांना किरकोळ मार लागला.

हे वाचून गाडीतली एअरबॅग काढून टाकायला निघू नका. अमेरिकेच्या सरकारी अंदाजानुसार तिथे 1990 ते 2008 या काळात कमी वेगाच्या अपघातांत एअरबॅगच्या माराने 290 हून अधिक माणसं दगावली. त्यातल्या 80 टक्क्यांहून जास्त लोकांनी बेल्ट लावलेला नव्हता किंवा चुकीचा लावला होता. त्याच देशात 2017 पर्यंत एअरबॅगमुळे 50,000 हून जास्त जीव वाचले. बेल्ट नसेल तर ब्रेक लागताच माणूस पुढं घसरतो आणि पिशवीच्या तोंडाशी जातो. बेल्टचा आवाज बंद करायला खोटी क्लिप अडकवणाऱ्या ड्रायव्हर दादांना आमचं हेच सांगणं आहे.

कॅज्युअल्टीला ड्युटी असताना आम्ही मोठ्या माणसांच्या जखमाही पाहिल्या. हाताला भाजल्यासारखे लाल चट्टे, मोडलेलं मनगट, कानात घुमणारा आवाज. डॅशबोर्डवर पाय ठेवून बसायची सवय तर सोडाच. पिशवी उघडली तर गुडघे तोंडावर येतात. सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते डोळ्यांकडे. पिशवीतून उडणारी पूड क्षारयुक्त असू शकते, म्हणजे सोड्यासारखी जाळणारी. डोळा चोळू नका. लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली 15 ते 20 मिनिटं धुवा आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. भाजल्यावर हळद, टूथपेस्ट नको, साधं गार पाणी ओता. मान दुखत असेल तर त्या माणसाला ओढून बाहेर काढू नका, गाडी पेटली असेल तरच काढा. 108 ला फोन करा.

गरोदर बाईने कमरेचा पट्टा पोटाखालून, मांड्यांजवळून घ्यावा आणि सीट मागे सरकवावी. अपघातानंतर पोटात दुखत नसलं तरी त्याच दिवशी तपासून घ्यावं. आतून वार सुटायला लागली तर सुरुवातीला कळतही नाही.

बारा वर्षांपर्यंतची मुलं मागेच बसवा. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची खास सीट नसेल तर कायद्याने 1,000 रुपये दंड आहे. ती खास सीट परवडत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण मागे बसवायला पैसे लागत नाहीत. पुढं घरातला एखादा धडधाकट माणूस बसू द्या, बेल्ट लावून.

आणि गाडी ठरवतानाच ड्रायव्हरला विचारा, मागचे बेल्ट वर काढलेत का? पुष्कळ गाड्यांत ते सीट कव्हरखाली दाबलेले असतात. निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं तर तो काढून ठेवतो; वऱ्हाड बसल्यावर कुणी हात लावत नाही.