भोंगा कोणासाठी?

संकटकाळी संस्थेने काय बोलावे, याचा विचार संकट आल्यावर करता येत नाही. त्या घटकेला तोंडून जे शब्द निघतात ते बहुधा कित्येक महिने आधीच ठरून गेलेले असतात. ठरलेले नसतील तर निघते ती केवळ सारवासारव. भोपाळ येथे २ डिसेंबर १९८४ च्या रात्री याचा जो प्रत्यय आला, त्याहून दारुण उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातील एका टाकीतून त्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. झडपा, शीतकरण यंत्रणा, देखभालीतील काटकसर यांची चर्चा पुढे पुष्कळ झाली आणि ती व्हावयासच हवी होती. परंतु भोंग्याची हकीगत तितकीच बोलकी आहे. डोळे चुरचुरू लागल्याने गळतीची चाहूल कामगारांना मध्यरात्रीपूर्वीच लागली होती. वस्तीला सावध करणारा मोठा भोंगा मात्र वाजला तो एकच्या सुमारास, आणि तोही थोड्याच वेळात बंद करण्यात आला. तो पुन्हा वाजेपर्यंत दोन वाजत आले होते. तोवर आतला, केवळ कामगारांसाठी असलेला भोंगा चालूच होता! किरकोळ गळतीने शेजारी घबराट पसरू नये, म्हणून हे दोन भोंगे वेगळे करण्याची व्यवस्था आधीच झालेली होती. म्हणजे भोंगा बिघडला नव्हता. ठरल्याप्रमाणेच तो मुका झाला होता.

पोलिसांनी दूरध्वनीवरून चौकशी केली, तेव्हा कारखान्यातून सारे ठीक असल्याचे सांगण्यात आले. रुग्णालयात माणसांची रीघ लागली असताना वायू कोणता आणि त्यावर उपचार काय, हे डॉक्टरांना कोणी धड सांगितले नाही. तोंडावर ओला फडका धरा, वाऱ्याच्या दिशेने धावू नका, एवढी दोन वाक्ये वस्तीला आधी ठाऊक असती तर कित्येकांचे प्राण वाचले असते. धावणाऱ्यांच्या छातीत उलट अधिकच विष गेले.

‘लोक घाबरतील’ ही सबब आपल्याकडे फार जुनी आहे. वस्तुतः लोक घाबरतात ते काही न कळल्यामुळे. अमेरिकेतील शिकागो परिसरात १९८२ साली टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात जण दगावले. जॉन्सन अँड जॉन्सनने हे औषध घेऊ नका असे लोकांना उघडपणे सांगितले आणि देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागविल्या. विषप्रयोग कंपनीचा नव्हता, त्यामुळे तिला उघड बोलणे सोपे गेले, हे खरे. पण आपल्याच मालाविरुद्ध बोलूनही ती बुडाली नाही; वर्षभरात त्या औषधाने बाजारातील आपली बहुतेक जागा परत मिळविली.

भोपाळनंतर आपल्याकडे कायदे झाले. कारखाने अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती झाली. धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी शेजाऱ्यांना धोक्याची माहिती देणे, कारखान्यात दर सहा महिन्यांनी आणि बाहेरच्या आराखड्याची वर्षातून एकदा तालीम घेणे बंधनकारक केले. तारापूर, लोटे-परशुराम, डोंबिवली येथील कारखान्यांनाही हे नियम लागू आहेत. प्रश्न आहे तो कपाटातील फायलीचा. रात्री दोन वाजता दूरध्वनी उचलणाऱ्या कारकुनाला काय सांगावयाचे हे माहीत आहे काय? साहेब गावी गेले असतील तर बोलण्याचा अधिकार कोणाचा? भिंतीपलीकडील शाळेच्या मुख्याध्यापकाला भोंग्याचा अर्थ ठाऊक आहे काय, की त्याला तो पाळी सुटल्याचाच वाटतो? पहिल्या निवेदनात काय कळले, काय अद्याप कळलेले नाही आणि लोकांनी तूर्त काय करावे, एवढेच असले तरी पुरते. पण ते वस्तीच्या भाषेत हवे, वकिलाच्या नव्हे.

या तयारीत ऐकण्याचीही व्यवस्था असावी लागते, आणि तीच सहसा विसरली जाते. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी या कारखान्यापासून शहराला असलेल्या धोक्याविषयी १९८२ मध्येच आपल्या छोट्या साप्ताहिकातून लिहिले होते. त्याच वर्षी मूळ अमेरिकन कंपनीच्या तपासणी पथकानेही सुरक्षेतील उणिवा लेखी नोंदविल्या होत्या. कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या झोपड्यांपर्यंत यातले काहीही पोचले नव्हते.