माराकेशमध्ये एकांत हवा, तर तटबंदीच्या आत राहा

मोरोक्कोतल्या माराकेशला पहिल्यांदा जाणाऱ्यांना शांततेसाठी शहराबाहेरच्या खजुरीच्या बागांतलं आलिशान हॉटेल खुणावतं. माझ्या मते पहिल्या भेटीसाठी ही निवड चुकीची आहे, कारण इथला एकांत अंतरावर नाही, बांधणीवर अवलंबून आहे. तटबंदीतलं जुनं शहर, म्हणजे मदिना, १९८५पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथलं पारंपरिक घर, म्हणजे रियाद, आपल्या वाड्याच्या कुळातलं: बाहेर कोऱ्या भिंती, आत चौक, कारंजं, संत्र्या-लिंबाची झाडं आणि चौकाकडे उघडणाऱ्या खिडक्या. जाड भिंती गल्लीतला गलबला आणि उन्हाची तलखी बाहेरच थोपवतात. मोजक्या खोल्यांची अशी अनेक रियादं आता उंची हॉटेलं झाली आहेत.

अडचणी आहेतच. कित्येक बोळांत मोटार शिरत नाही, सामान हातगाडीवरून न्यावं लागतं, वाटही चुकते. पण शहर उमगतं ते पायी हिंडूनच, आणि मदिनेतल्या जमा अल-फना चौकातून दुपारी चालत खोलीवर येऊन विसावता येणं ही सोय बागेतल्या हॉटेलात नाही. रियादच्या आतल्या चौकात आवाज घुमतो, हा आक्षेप मात्र मान्य. म्हणून वरच्या मजल्यावरची खोली मागा आणि आरक्षण करतानाच जवळच्या वेशीपर्यंत माणूस पाठवायला सांगा.