नफ्याचा हिशेब करण्याआधी तार मोजा

कापडाच्या धंद्यातला माणूस सुताला हात लावल्याशिवाय सौदा करीत नाही. सूत विसाचे की चाळीसाचे, एकेरी की दुहेरी, हे तो चिमटीत धरून सांगतो. पण हाच माणूस विजेच्या दुकानात गेला की, "दोन मीटर वायर द्या, स्वस्तातली द्या," एवढेच बोलतो. ती तार किती जाड आहे आणि तिच्यातून किती करंट जाणार आहे, हे तो विचारत नाही. या सवयीची किंमत आमच्या घरात २०२२ साली जवळजवळ चुकवावी लागली होती. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून ती हकीकत येथे देत आहे.

भाच्याचे यंत्र

लातूरला गंजगोलाईच्या परिसरात माझा भाचा मोबाईल दुरुस्तीचे काम करतो. हात चांगला आहे, डोके त्याहून चांगले. २०२१ मध्ये चीनने आपल्याकडील बिटकॉइनचे मायनिंग बंद पाडले, तेव्हा तिथली जुनी यंत्रे जगभरच्या बाजारात स्वस्तात येऊ लागली. मायनिंग म्हणजे खाणकाम नव्हे. या चलनाच्या व्यवहारांची वही तपासून बंद करण्यासाठी रात्रंदिवस आकडेमोड करणारे यंत्र चालवायचे आणि त्याबद्दल थोडे नाणे मिळवायचे, एवढाच त्याचा अर्थ. भाच्याने असे एक जुने यंत्र घेतले. २०१६ साली बाजारात आलेले अँटमायनर एस-नाईन.

यंत्राबरोबर पॉवर सप्लाय नव्हता. त्याने भंगारातून सर्व्हर कॉम्प्युटरचा सप्लाय मिळवला आणि मधल्या केबली घरी बसून तयार केल्या. यंत्र ठेवले भावाच्या शिलाई कारखान्यामागच्या खोलीत, कारण पंधरा अँपियरचा पॉइंट तिथेच होता. खोलीत कापडाच्या चिंध्या, अस्तराचे गठ्ठे आणि कागदी पॅटर्न होते.

वसुलीसाठी मी लातूरला गेलो होतो आणि तिथेच मुक्काम केला. फजरच्या वेळी उठलो तर जळक्या प्लास्टिकचा वास. आत जाऊन पाहतो तर यंत्राचे पंखे नेहमीसारखे घोंगावत होते, दिवे लुकलुकत होते, आणि सप्लायजवळच्या एका केबलचे तोंड तपकिरी होऊन वितळू लागले होते. खाली वीतभर अंतरावर अस्तराचा गठ्ठा. मी मेन स्विच पाडला.

भाचा धावत आला. म्हणाला, "मामू, एमसीबी नवी बसवलीय. काही गडबड असती तर ती पडली असती की!"

आपल्या शंभरातल्या नव्वद लोकांचा हाच समज आहे, आणि तो चुकीचा आहे.

एमसीबी का पडली नाही?

एमसीबी पाहते ती एकच गोष्ट: ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट जातो आहे का. भाच्याचे यंत्र साधारण १,३५० वॅटचे. २३० व्होल्टला भागले तर सहा अँपियरच्या आसपास येतात. पंधरा अँपियरच्या पॉइंटला तो भार म्हणजे काहीच नाही. म्हणून एमसीबी गप्प राहिली. ढिला जोड किंवा बारीक तार तापली तर ते तिला कळत नाही. शॉक बसू नये म्हणून असलेल्या आरसीसीबीलाही कळत नाही, कारण करंट बाहेर गळत नसतो. तो आपल्याच वाटेने जातो आणि वाट तापवतो.

खरी गोम पुढे आहे. हे यंत्र आत २३० व्होल्टवर चालत नाही, १२ व्होल्टवर चालते. सप्लाय व्होल्ट उतरवतो, म्हणजे तेवढ्याच ताकदीसाठी अँपियर त्या प्रमाणात वाढतात. भिंतीतून निघालेले सहा अँपियर सप्लायच्या दुसऱ्या बाजूला शंभराच्या वर जातात! वेल्डिंगवाल्या भावांना हे सांगावे लागत नाही. वेल्डिंगची लीड अंगठ्याएवढी जाड का असते? व्होल्ट कमी आणि अँपियर जास्त म्हणून. मोटारीच्या बॅटरीतून स्टार्टरला जाणारी केबलही त्याच कारणाने जाड असते. "बारा व्होल्ट आहे, शॉक लागत नाही," म्हणून लोक बेफिकीर राहतात. शॉक लागत नाही हे खरे, पण आग लागते.

यंत्रात तीन पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीला सहा पिनांची तीन तोंडे, शिवाय कंट्रोल बोर्डाला एक, अशी एकूण दहा. कारखान्याच्या हिशेबाप्रमाणे प्रत्येक तोंडाला सप्लायपासून स्वतंत्र केबल यायला हवी. मग एका तोंडाला बारा अँपियरच्या आत आणि त्यातल्या एका तारेला चार अँपियरच्या आत करंट येतो. भाच्याने तार वाचवण्यासाठी एकाच केबलला तीन फाटे काढले. त्यामुळे पूर्ण पट्टीचा करंट सप्लायकडच्या तीन पिनांवर आला: एका पिनेला अकरा-बारा अँपियर. अशा पिना साधारणपणे जास्तीत जास्त आठ-नऊ अँपियरच्या असतात, त्याही नीट दाबलेल्या असतील तर. याच्या तर पकडीने चेपलेल्या होत्या. बचत झाली असेल दोनशे रुपयांची.

सुताचा काउंट, तारेचा गेज

आता आपल्या भाषेत बोलू. सुतात आकडा वाढला की सूत बारीक होते, तसेच गेजमध्ये आकडा वाढला की तार बारीक होते. सोळा गेज जाड, अठरा गेज तिच्याहून बारीक, बावीस आणखी बारीक. दोन-चाळीस म्हणजे चाळीसाच्या दोन धाग्यांचा पीळ. विजेच्या बाजारातले जुने तीन-बावीस, सात-वीस हे शब्द तसेच आहेत: बावीस गेजच्या तीन तारा, वीस गेजच्या सात तारा. फरक एवढाच की हल्ली वायरवर चौरस मिलिमीटर छापलेले असते आणि तिथे हिशेब सरळ आहे. आकडा मोठा तर तार जाड.

घरगुती २३० व्होल्टच्या लवचिक तांब्याच्या केबलसाठी हे प्रमाण डोक्यात ठेवावे: पाऊण चौरस मिलिमीटरला साधारण सहा-सात अँपियर, एकला दहा-अकरा, दीडला चौदा-पंधरा, अडीचला एकोणीस-वीस. हे काही वेळ चालणाऱ्या भाराचे आकडे समजावेत. यंत्र चोवीस तास चालणार असेल तर एक पायरी जाड तार घ्यावी.

आणि आपला मराठवाडा विसरू नये. साध्या पीव्हीसी तारेचे तांबे ७० अंशांपर्यंत तापलेले चालते. तीस अंशांच्या खोलीत तिला चाळीस अंशांची मोकळीक मिळते. मे महिन्यात पत्र्याखालच्या पंचेचाळीस अंशांच्या खोलीत ती पंचवीसच उरते. त्यात व्होल्टेज उतरते. जुना बल्ब कमी व्होल्टेजला मंद जळून करंट कमी घेतो, पण हे सप्लाय उलटे वागतात. व्होल्ट कमी झाले की ताकद भरून काढण्यासाठी ते करंट जास्त ओढतात. म्हणजे ज्या संध्याकाळी तार आधीच तापलेली असते, त्याच संध्याकाळी तिच्यावर ओझे वाढते. आणि करंट दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते.

आग जोडात असते

तार पुरेशी जाड असली तरी जोड वाईट असेल तर सगळे फुकट. एक हिशेब पाहा. एखाद्या ढिल्या जोडात ओहमचा फक्त दहावा भाग अडथळा आहे आणि त्यातून चौदा अँपियर जात आहेत. तिथे वीस वॅट उष्णता तयार होते. मोबाईल दुरुस्तीवाल्याचे डाग देण्याचे लहान आयर्न साधारण एवढ्याच वॅटचे असते. म्हणजे काळ्या पट्टीखाली आपण एक तापलेले आयर्न गुंडाळून ठेवले आणि दिवसरात्र चालू सोडले.

ज्यांना केबल हातानेच करायची आहे, त्यांनी निदान एवढे पाळावे:

१. आधी अँपियर काढा, मग तार घ्या. वॅटला व्होल्टने भागले की अँपियर मिळतात. भागताना त्या तारेतले व्होल्ट धरा, भिंतीतले नव्हेत.

२. तार सोलून चाकूने खरवडा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. ती जास्त तापते आणि जोडात लवकर खराब होते. आयएसआय खूण व आयएस ६९४ हा क्रमांक पाहूनच घ्या.

३. पिन व थिंबल त्याच मापाच्या पंचने दाबा, पकडीने नव्हे. दाबल्यावर जोरात ओढून पाहा. सुटली तर आत्ताच सुटू द्या.

४. स्क्रूखाली जाणाऱ्या तारेच्या टोकाला डाग देऊ नका. शिसे-कथील मऊ असते, ते हळूहळू दबते आणि स्क्रू ढिला पडतो. तिथे थिंबल लावा.

५. केबलच्या मध्ये जोड नको. लांबी कमी पडली तर नवी अखंड केबल घ्या. उरलेली केबल वेटोळे करून गठ्ठ्याखाली दडपू नका.

६. २३० व्होल्टच्या बाजूला तीन तारांचीच केबल वापरा आणि अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत गेले आहे हे वायरमनकडून तपासून घ्या.

७. पहिल्या दिवशी तासाभराने यंत्र बंद करून प्लग काढा आणि प्रत्येक तोंडाला हात लावा. हात ठेववत नसेल तर ती केबल नापास. शक्य असेल तर क्लॅम्प मीटरने करंट मोजून घ्या.

८. चिंध्या, कापूस, कापड यांपासून यंत्र दूर ठेवा. पेट घेतलाच तर आधी मेन स्विच, मग पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे. पाणी नको.

हे नियम फक्त बिटकॉइनच्या यंत्राचे नाहीत. इस्त्री, एम्ब्रॉयडरी मशीन, गिझर, बेकरीचा मिक्सर, सगळ्यांना तेच लागू.

आणि धंद्याचा हिशेब

त्या दिवशी चहा घेताना मी भाच्याला दुसराही हिशेब विचारला. १,३५० वॅट चोवीस तास म्हणजे रोज बत्तीस युनिट, महिन्याला पावणेदहाशेच्या आसपास. युनिटला दहा रुपये धरले तरी जवळजवळ दहा हजारांचे बिल. घरगुती मीटरवर धंदा चालवला तर वीज कायद्याखाली वेगळी आकारणी होऊ शकते. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर बसवला आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च खरेदीची किंमत म्हणून वजा मिळणार नाही, असेही सरकारने त्याच वर्षी लोकसभेत स्पष्ट केले. एप्रिल २०२४ मध्ये बिटकॉइनचे बक्षीस ठरल्याप्रमाणे पुन्हा निम्मे झाले. जुन्या यंत्राला आता काय उरते, हे ज्याचे त्याने कागदावर मांडावे.

तरी भाच्याकडे निदान यंत्र होते. आपल्या राज्यात अनेकांनी यंत्र न पाहताच पैसे दिले. गेनबिटकॉइन योजनेत मायनिंगच्या नावाने महिन्याला दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवले गेले, असा आरोप आहे. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे रक्कम ६,६०० कोटींची आहे. मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये पकडले, २०२२ मध्ये तो मरण पावला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशभर साठ ठिकाणी झडत्या घेतल्या. महिन्याला दहा टक्के हा आकडा ऐकून सुताच्या बाजारातला माणूस हसला असता.

भाच्याने पुढे ते यंत्र विकून टाकले. मात्र ती वितळलेली केबल त्याने दुकानात खिळ्याला टांगून ठेवली आहे. कोणी "स्वस्तातली वायर द्या" म्हणाला की तो आधी ती केबल त्याच्या हातात देतो.