मूल हट्टी नाही, त्याला सोसत नाही



चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत येरमाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. हलगी, भोंगे, माणसांचा रेटा. बहुतेक पोरं त्यात रमतात; एखादं मात्र कान झाकून किंचाळतं. मग कुणी म्हणतं हट्टी आहे, कुणी अंगारा लावतं.

आम्ही शिवारात रोज पाहतो, तेवढंच पाणी मुरमाड रानात जिरून जातं आणि काळ्या रानात साचून ऊस पिवळा पडतो. मुलांचंही तसंच. आवाज, उजेड, स्पर्श यांची मेंदूत नीट जुळणी झाली नाही, तर साधा आवाजही टोचतो. काहींना उलट जास्त लागतं. ती सारखी उड्या मारतात, धडकतात. अमेरिकेतील जीन एअर्स यांनी १९७२ साली हा विचार पुस्तकरूपाने मांडला.

मारून हे जात नाही, भीती तेवढी वाढते. गर्दीत नेण्याआधी मुलाला कल्पना द्यावी, बोचरा कपडा घालू नये, गांगरल्यास शांत जागी न्यावे. त्रास रोजचाच असेल, तर अंगणवाडीत वा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवावे. तपासणी मोफत असते. रान ओळखून पाणी देता, तसेच मूलही ओळखून घ्यावे, ही विनंती.