कूलंट जातं कुठे? आधी प्लग बघा

गाडीखाली थेंबभर ओल नाही, तरी कूलंटची बाटली दर काही दिवसांनी खालच्या खुणेवर येते. अशा वेळी बहुतेक जण नळाचं पाणी ओततात आणि पुढे निघतात. हा उपाय घातक आहे. कूलंटचा मार्ग बंद असतो. कूलंट कमी होतं म्हणजे एकतर बाहेर गळतं किंवा इंजिनाच्या आत झिरपतं. बाहेरची गळती होजच्या क्लिपपाशी, वॉटर पंपाखाली नाहीतर रेडिएटरवर वाळलेला डाग सोडते. आतल्या गळतीची खूण पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगवर सापडते.

म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढायचे आणि सिलिंडरच्या क्रमाने कागदावर ओळीत मांडायचे. क्रम महत्त्वाचा, कारण खरी माहिती प्लगांमधल्या फरकात असते. टोकावरचं चिनीमातीचं आवरण फिकट तपकिरी किंवा करडं असेल तर जळण ठीक आहे. सीएनजीवर हा रंग आणखी फिका दिसतो, त्याने घाबरू नये. सगळ्याच प्लगांवर कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा गाडी फक्त भाजी आणण्यापुरती चालते. प्लगचं टोक साधारण 450 ते 500 अंशांपर्यंत तापलं की काजळी आपोआप जळते; छोट्या फेऱ्यांत तेवढं तापणं होतच नाही. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे प्रमाणाबाहेर उष्णता.

सगळ्यात जास्त सावध व्हायचं ते एकच प्लग इतरांपेक्षा लख्ख दिसला तर. त्या सिलिंडरमध्ये कूलंट झिरपत असेल, तर त्याची वाफ टोकावरचा थर धुऊन काढते. त्यातच सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी काही सेकंद मिसिंग करत असेल, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर संशय थेट हेड गॅसकेटवर जातो. गाडी एकदा घाटात तापलेली असेल, तर अॅल्युमिनियमचं हेड वाकलेलं असू शकतं; मग नुसतं गॅसकेट बदलून भागत नाही, हेड तपासून फेसिंगला टाकावं लागतं. रात्रभर सिलिंडरमध्ये बरंच कूलंट साचलं, तर स्टार्ट मारताना कनेक्टिंग रॉडसुद्धा वाकू शकतो.

मात्र ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली म्हणून लगेच इंजिन उघडू देऊ नका. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणानेही ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधी असेल आणि कूलंटही घटत असेल, तर मात्र गाडी चालवू नये.

ऑइल कमी होत असेल तेव्हाही प्लगच बघायचा. टोक ओलं, काळं, तेलकट असेल तर इंजिन ऑइल खातंय. दोष रिंगांचा किंवा व्हॉल्व्ह सीलचा. तेल फक्त वरच्या बाजूला, प्लगच्या विहिरीत असेल, तर बहुधा टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा तिथली सील गेलीये, आणि ते काम त्या मानाने फारच स्वस्त असतं. हा फरक ओळखता न आल्याने कितीतरी गाड्यांची इंजिनं विनाकारण उतरवली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्कॅनर इथे अर्धंच सांगतो: पी 0302 म्हणजे दुसरा सिलिंडर मिस होतोय. का, ते त्या कोडात नसतं.

प्लगचा पुरावाही शेवटचा नव्हे. कूलिंगची प्रेशर टेस्ट आणि सिलिंडरची लीक टेस्ट करूनच हेड खोलायचा निर्णय घ्यावा. तोवर कूलंटची पातळी गाडी थंड असताना बघून तारीख आणि किलोमीटरसह लिहून ठेवा. गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबामुळे शंभर अंशांच्या वर असू शकतं. आणि गॅरेजात प्लग बदलायला दिलेत, तर जुने प्लग फेकण्याआधी क्रमाने दाखवायला सांगा.