सात शहाऐंशी की सात पस्तीस?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की स्टाफरूमच्या दाराशी दोन प्रकारची मुलं येतात. विषय राहून केटी लागलेली, आणि हिशेब जुळत नाही म्हणून रागावलेली. दुसरी मला मनापासून आवडतात. त्यांनी निदान हिशेब मांडून पाहिलेला असतो.

"मॅडम, माझा पॉइंटर सात शहाऐंशी येतोय आणि मार्कशीटवर सात पस्तीस छापलाय."

मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुढे येतो. सात विषयांचे ग्रेड पॉइंट मिळवून ५५, भागिले सात. भागाकार बिनचूक आहे, फक्त भाजक चुकलाय.

"अरे, विषयांच्या संख्येनं नाही भागायचं. क्रेडिटनं भाग."

मग कोऱ्या कागदावर रेघा मारून बसतो. ग्रेडचे पॉइंट त्याला पाठ आहेत: यूजीसीच्या दहा पॉइंटांच्या पद्धतीत ओला १०, ए प्लसला ९, असं उतरत काठावर पास होणाऱ्या पीला ४ आणि नापासाला शून्य. क्रेडिटच्या रकान्याकडे मात्र त्याने आजवर पाहिलेलं नसतं. गणित ४ क्रेडिटचं, त्यात सी, म्हणजे ५ पॉइंट, गुणाकार २०. मेकॅनिक्सही ४ क्रेडिटचं, बी प्लस, २८. फिजिक्स, केमिस्ट्री आणि प्रोग्रॅमिंग ३-३ क्रेडिटचे. त्यांचे २४, १८ आणि २७. वर्कशॉप २ क्रेडिटचं, कम्युनिकेशन स्किल्स अवघं एका क्रेडिटचं. दोन्हींत साहेबांना ओ! त्यांचे २० आणि १०. एकूण १४७, क्रेडिट २०, भागाकार ७.३५.

छापलेला आकडा बरोबर निघाल्यावर चेहरा पडतो, पण तेवढ्यावर त्याला सोडायचं नसतं. गणितात सीऐवजी बी प्लस असता तर? आठ पॉइंट वाढले असते, एसजीपीए, म्हणजे या सेमिस्टरचा पॉइंटर, ७.७५. आणि कम्युनिकेशनमध्ये ओऐवजी सी मिळाला असता तर? पाचच पॉइंट गेले असते, ७.१०. एका क्रेडिटच्या विषयाच्या प्रेझेंटेशनसाठी रात्र जागवणाऱ्यांना हे आधी कुणी सांगत नाही.

सगळ्या सेमिस्टरच्या एकत्रित सीजीपीएतही तीच मेख. पहिलं सेमिस्टर २० क्रेडिटचं ७.३५, दुसरं २४ क्रेडिटचं ८.२५, तर दोन्ही मिळवून दोनाने भागायचं नाही. १४७ आणि १९८ मिळून ३४५, भागिले ४४, उत्तर ७.८४. नुसत्या सरासरीने ७.८० आलं असतं. फरक किरकोळ वाटतो, पण कॅम्पसला येणाऱ्या कंपनीची अट त्या दोन आकड्यांच्या मधे कुठे असली तर तो किरकोळ राहत नाही.

मला खरी गंमत वाटते ती दोन दशांश स्थळांच्या रुबाबाची. ज्या तक्त्यात ६० ते ७० च्या आतल्या सगळ्या मार्कांना ए, म्हणजे ८ पॉइंट आहेत, तिथे ६० वाला आणि ६९ वाला सारखेच; ५९ वाला मात्र थेट सातवर. वर ८० पासून पुढे सरसकट ओ असेल तर ८१ आणि ९८ मध्येही भेद उरत नाही. आधी मार्क असे ढोबळ पायऱ्यांवर बसवायचे आणि मग त्यांची सरासरी शतांशापर्यंत काढायची.

म्हणूनच टक्केवारीकडे परतताना घोळ होतो. याच तक्त्यात सगळ्या विषयांत ६५ मार्क असलेल्या मुलीचा सीजीपीए बरोबर ८ येईल. एआयसीटीईच्या सूत्राने त्यातून ०.७५ वजा करून दहाने गुणलं की ७२.५ टक्के. सीबीएसईने दहावीला वापरलेला साडेनऊचा गुणक लावला तर ७६. पुस्तक न उघडता टक्के वाढले! अर्जात टक्के मागितले असतील तर आपल्या विद्यापीठाचंच सूत्र वापरावं आणि त्याचं पत्र सोबत जोडावं. अमेरिकेला जाणारी मुलं दहाने भागून चाराने गुणतात, तेही नको. तिथल्या बऱ्याच मूल्यमापनांत प्रत्येक विषयाची ग्रेड स्वतंत्रपणे बदलून मग सरासरी काढतात.

शेवटच्या वर्षाची मुलं उशिरा येतात, आणि त्यांच्याशी बोलणं अवघड असतं. एकाचे सात सेमिस्टरचे १५० क्रेडिट झालेले, सीजीपीए ६.९. उरलेत २० क्रेडिट, आणि त्याला हवेत साडेसात. १७० गुणिले ७.५ म्हणजे १२७५, हाताशी १०३५. उरलेले २४० पॉइंट २० क्रेडिटमध्ये मिळवायचे तर प्रत्येक क्रेडिटला बारा हवेत. दहापैकी बारा.

"आणि सात?"

सातला ११९० लागतात, म्हणजे अजून १५५. त्याच्या सेमिस्टरमध्ये प्रोजेक्टच ८ क्रेडिटचा आहे. त्यात ओ मिळाला तर तिथेच ८० झाले; बाकीच्या १२ क्रेडिटमध्ये ७५, सरासरी सव्वासहा. त्याला हे जमण्यासारखं आहे.

तो कागदाकडे बघत म्हणाला, "मॅडम, प्रोजेक्टचे एक्स्टर्नल कोण येणार आहेत?"